वैशाखातील रानफुलोरा आणि त्याची जोपासना

पळस, पांगारा व काटेसावर यांचा बहर होळीच्या सुमारास ओसरला की आता मृगाचे पाणी पडेपर्यंत रानात पाहण्यासारखे काही उरले नाही, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. गवत पिवळे पडते, ओढे आटतात, खडक तापतात आणि गुरेही दुपारच्या वेळी सावली सोडीत नाहीत. वास्तविक याच दिवसांत डोंगरउतारावरील खडकाळ जमिनीत आणि देवराईच्या सावलीत फुलोऱ्याचा दुसरा हंगाम चालू असतो. बहाव्याचे पिवळे घोस, कुड्याची पांढरी फुले, अंजनीचे निळे झुबके, कुसरीचा सुगंध, जांभूळ व हिरडा यांचा मोहोर, आणि पाचोळ्यातून एकाएकी वर आलेला भुईचाफा ही सर्व चैत्र-वैशाखाची देणगी होय. कासच्या पठारावर भाद्रपदात फुलणारी फुले पाहण्यास दुरून लोक येतात. २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत त्या पठाराचा समावेश झाल्यापासून तर त्याची कीर्ती फारच वाढली. वैशाखातील फुलोऱ्याला मात्र असा प्रेक्षक नाही. तो गावाच्या दाराशी असतो, आणि म्हणूनच बहुधा दुर्लक्षित राहतो.

हे दुर्लक्ष केवळ सौंदर्यदृष्टीचे असते तर त्याची चर्चा या पानावर करण्याचे कारण नव्हते. परंतु ज्या दोन महिन्यांत ही झाडे फुलून बी धरतात, त्याच दोन महिन्यांत डोंगराला वणवे लागतात, राबासाठी फांद्या तोडल्या जातात आणि देवळाची साफसफाई म्हणून राईतील पाचोळा जाळला जातो. त्यामुळे फुले तर जातातच. त्याबरोबर पुढील पिढीचे बी, मधमाश्यांचा पावसाळ्यासाठीचा साठा आणि उतारावरील माती यांचीही हानी होते. ही हानी टाळण्यास मोठा पैसा लागत नाही. केव्हा काय फुलते, बी केव्हा तयार होते आणि कोणत्या वेळी हात आवरावा, एवढे मात्र ठाऊक असावे लागते.

ऐन उन्हाळ्यात फुले का येतात

पाण्याची सर्वांत अधिक टंचाई असते तेव्हाच झाडाने फुलण्याचा खर्च का करावा, हा प्रश्न शेतकऱ्याला पडणे साहजिक आहे. पानझडी झाडांच्या बाबतीत याचे उत्तर असे की, पाने गळाल्यामुळे पाण्याचा मोठा व्यय थांबलेला असतो. मागील पावसाळ्यात तयार केलेले अन्न खोडात व मुळांत साठविलेले असते, आणि खडकाच्या भेगांतून खोल गेलेली मुळे वरची माती कोरडी झाली तरी थोडी ओल मिळवीत राहतात. या शिलकीवर झाड फुलते. फांद्यांवर पाने नसल्याने फुले दुरून दिसतात व मधमाश्यांना, भुंग्यांना आणि पक्ष्यांना ती शोधण्यास श्रम पडत नाहीत.

भुईचाफ्यासारख्या जमिनीलगतच्या वनस्पतींचा हिशेब थोडा निराळा आहे. त्यांचे अन्न जमिनीखालील कंदांत असते. पावसाळा सुरू झाला की राईतील झाडांचे छत दाट होते, खाली अंधार पडतो आणि गवत व तण माजतात. त्यापूर्वीच फूल उमलून गेले तर त्याला उजेड मिळतो आणि कीटकही सापडतात. थंड देशांतील रानांतही लहान फुलझाडे वृक्षांना पालवी फुटण्याच्या आधी घाईने फुलून घेतात. तेथे हिवाळ्यानंतरची पालवी, येथे पावसानंतरची. घाईचे कारण एकच.

बी केव्हा तयार होते या दृष्टीने या झाडांचे दोन वर्ग पडतात, आणि ज्यांना रोपे करावयाची आहेत त्यांनी हा भेद नीट ध्यानात ठेवावा. जांभूळ व करवंद यांची फळे फुलोऱ्यानंतर लवकरच, म्हणजे पावसाच्या तोंडाशी पिकतात. त्यांचे बी ओले असते. ते ओल्या जमिनीत पडावे आणि लागलीच रुजावे अशी निसर्गाची योजना आहे. साठवून ठेवल्यास ते मरते. याउलट बहावा, कुडा व ताम्हण यांच्या शेंगा किंवा बोंडे कित्येक महिने झाडावरच राहून हिवाळ्यात अथवा त्यानंतर पक्व होतात. त्यांचे बी कोरडे असल्याने पावसाळ्यापर्यंत सुखाने टिकते. पहिल्या वर्गाच्या बाबतीत आळस केला तर वर्ष फुकट जाते. दुसऱ्या वर्गात तेवढी घाई नसते, पण शेंग उकलण्याच्या आत झाडाशी पोचावे लागते.

खडकाळ जमिनीवरची झाडे

मुरमाड, उथळ व उताराच्या जमिनीवर फुलणाऱ्या झाडांत बहाव्याला पहिला मान द्यावा लागेल. आयुर्वेदात यास आरग्वध म्हणतात. केरळात विषूच्या सणाला याच फुलांवाचून चालत नाही, आणि त्या राज्याचे ते राज्यफूल आहे. आपल्याकडे चैत्राच्या अखेरीस पाने झडून हातभर लांबीचे पिवळे घोस लोंबू लागतात. त्याच वेळी मागील वर्षीच्या काळ्या, दंडगोल शेंगाही झाडावर असतात, म्हणून बी गोळा करण्यास ही चांगली संधी असते. शेंगेत आडव्या पडद्यांनी पाडलेले कप्पे असून प्रत्येक कप्प्यात काळ्या मगजात एकेक बी बसलेले असते. मगज सारक आहे, हे मुलांना शेंगा फोडण्यास लावणाऱ्या शिक्षकांनी विसरू नये. बियांचे कवच फार कठीण असते. तसेच पेरल्यास थोडेसेच बी उगवते आणि बहाव्याचे रोप होत नाही अशी तक्रार ऐकू येते. दोष बियांचा नसून पद्धतीचा असतो. प्रत्येक बी एका बाजूने खरबरीत दगडावर घासून कवच थोडे झिजवावे, रात्रभर पाण्यात भिजवावे व फुगलेल्या बिया तेवढ्या पिशव्यांत लावाव्यात. न फुगलेल्या बिया पुन्हा घासाव्यात. रानात हेच काम माकडे व कोल्हे यांच्या पोटात होते.

कुडा हे झाड दिसण्यास साधे, पण उपयोगास मोठे आहे. पांढऱ्या कुड्याची साल आवेवर पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली असून त्याच्या बियांना इंद्रजव म्हणतात. वैशाखात कोवळ्या पानांबरोबर पांढऱ्या सुवासिक फुलांचे गुच्छ येतात. कोकणात या फुलांची भाजीही करतात. झाडाला चीक असल्याने गुरे व शेळ्या सहसा तोंड लावीत नाहीत. त्यामुळे जेथे कुंपण करणे परवडत नाही अशा चराऊ उतारावर लावण्यास कुडा योग्य होय. शेंगा जोडीने येतात, लांब व बारीक असतात, आणि हिवाळ्यात उकलल्या की शेवरीसारखे केस असलेले बी वाऱ्यावर उडून जाते. शेंगा तपकिरी होऊ लागताच काढून पातळ कापडाच्या पिशवीत वाळत घालाव्यात. काळा कुडा हे याचेच भावंड समजले जाते. त्याच्या शेंगांच्या जोडीची टोके एकमेकांस जुळलेली असतात, यावरून तो ओळखता येतो. औषधासाठी साल हवी असल्यास मात्र दोहोंची गल्लत करू नये, आणि उभ्या झाडाची साल भोवताली सोलून झाड मारू नये.

कोरड्या टेकड्यांच्या माथ्यावर, जेथे दुसरे काही उभे राहत नाही, तेथे गणेर किंवा सोनसावर दिसते. त्याची मोठी, तेजस्वी पिवळी फुले निष्पर्ण फांद्यांच्या टोकांवर येतात. त्याचा बहर चैत्रापर्यंत बराचसा आटोपतो व पुढे बोंडे धरतात. बोंडातील बी रेशमासारख्या कापसात असते. गेळा हे काटेरी झुडूप याच जमिनीतले. त्याची सुवासिक फुले प्रथम पांढरी असतात व मग पिवळी होतात, त्यामुळे एकाच फांदीवर दोन रंग दिसतात. मधमाश्यांना ती फार आवडतात. करवंदाच्या जाळीचे वर्णन शेतकरी बंधूंना करण्याची आवश्यकता नाही. एवढेच सांगावयाचे की तिची पांढरी फुले, तिची फळे व तिचे काटे या तिन्हींचा लाभ घ्यावयाचा असेल तर बांधावरील जाळी वैशाखात जाळून टाकण्याऐवजी तिची छाटणी फळे उतरल्यावर करावी. वाघाटीची वेलही अशाच जाळ्यांवर चढते. आषाढी द्वादशीला उपवास सोडताना ज्या वाघाट्याची भाजी लागते, ते फळ उन्हाळ्याच्या आरंभी आलेल्या फुलांचेच असते. जाळी जाळली की द्वादशीची भाजी बाजारातून आणावी लागते.

ताम्हणाचा उल्लेख येथे करणे प्राप्त आहे, कारण महाराष्ट्राचे राज्यफूल म्हणून पुष्कळ ग्रामपंचायती ते मोठ्या उत्साहाने लावतात, आणि महाराष्ट्र दिनाच्या सुमारास ते बहरातही असते. परंतु ताम्हण हे ओढ्याकाठचे, ओलाव्याचे झाड आहे. माळावरील खडकात ते लावून दोन वर्षांनी वाळलेल्या काटक्या पाहण्यापेक्षा विहिरीच्या सांडपाण्याजवळ किंवा नाल्याच्या काठी लावावे. गुलमोहराविषयी इतकेच की, तो मूळचा मादागास्करचा आहे. अंगणात तो शोभतो, पण उथळ जमिनीत त्याची मुळे खोल जात नाहीत व वळवाच्या वादळात तो उन्मळतो. शाळेच्या छपराजवळ तो लावू नये.

राईतील फुले

देवराई हे गावाचे जुने उद्यानच होय. देवाच्या नावाने राखलेल्या या रानात कुऱ्हाड चालवू नये, काही ठिकाणी तर वाळलेले लाकूडही बाहेर नेऊ नये, असा दंडक पूर्वजांनी घातला. वा. द. वर्तक व माधव गाडगीळ यांनी १९७० नंतरच्या दशकात महाराष्ट्रातील देवराया गावोगाव हिंडून अभ्यासल्या, तेव्हा त्यांचे महत्त्व शास्त्रज्ञांसमोर आले. गावकऱ्यांना ते आधीपासून ठाऊक होते. राईखालचा झरा उन्हाळ्यातही वाहतो, हा त्यांचा अनुभव होता.

घाटमाथ्यावरील राईत अंजनीचे झाड बहुधा असतेच. महाबळेश्वर व माथेरान येथे ते विपुल आहे. पाने गर्द हिरवी व चकचकीत असून फुलांचे निळे-जांभळे झुबके थेट फांद्यांना चिकटून येतात. सारी फांदी निळी दिसू लागते. हे झाड सावकाश वाढते. म्हणून एक जुनी अंजनी तोडून तिच्या जागी दहा नवी रोपे लावली तरी एका माणसाच्या हयातीत ती भरपाई होत नाही. कुसर, म्हणजे रानमोगरा, राईच्या कडेला झुडपांवर चढलेली असते. हिची पांढरी फुले संध्याकाळच्या वाऱ्यावर दुरून ओळखू येतात. वेलीची फांदी जमिनीत दाबून पावसाळ्यात दाबकलम सहज करता येते. मूळ वेल उपटण्याचे कारण नाही.

भुईचाफा पाहावयाचा तर मान खाली घालूनच चालावे लागते. पान नाही, दांडा नाही, आणि पाचोळ्यातून थेट पांढरे-जांभळे, सुवासिक फूल उमललेले असते. फूल अल्पायुषी असते, पण एका गड्ड्यातून एकामागून एक अशी पुष्कळ फुले येत राहतात. पाऊस पडल्यावर पाने वर येतात. त्यांची वरची बाजू नक्षीदार व खालची जांभळट असते. हिवाळ्यात पाने वाळून जातात व जागा रिकामी दिसते. कोकणात व गोव्यात तो परसात लावण्याची रीत आहे. परसातील गड्डे वैशाखात बहर संपल्यावर किंवा पाने येण्यापूर्वी विभागून झाडाखालच्या सावलीत, पाचोळा मिसळलेल्या भुसभुशीत मातीत, चार-पाच सेंटिमीटर खोल लावावेत. रिकाम्या जागेत हिवाळी खुरपणी करताना गड्डे कापले जातात, म्हणून लावलेल्या जागी चार दगडांची खूण ठेवणे बरे.

राईत पाचोळा असणे म्हणजे अस्वच्छता, ही कल्पना अलीकडे बळावत आहे. देवळाचा जीर्णोद्धार करताना भोवतालची झाडी काढून फरशी घालणे, झाडांच्या बुंध्यांना सिमेंटचे कठडे बांधणे आणि दर आठवड्यास पाचोळा लोटून पेटविणे, हे प्रकार भक्तीपोटी होतात यात शंका नाही. परंतु भुईचाफा, कुसर आणि अंजनीची रोपे त्या पाचोळ्यावरच जगतात. पायवाट व देवळापुढील अंगण तेवढे झाडावे. बाकीचा पाचोळा जागीच कुजू द्यावा. हे ग्रामसभेत समजावून सांगण्याचे काम ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी गावातील वडीलधाऱ्या माणसांना पुढे करून केल्यास त्यास विरोध होत नाही. पुजाऱ्यास एकट्याने सांगून मात्र उपयोग होत नाही.

आमरी हे बांडगूळ नव्हे

वैशाखाच्या अखेरीस व ज्येष्ठात जुन्या आंब्यावर, जांभळावर किंवा हिरड्यावर आमरीची फुले लोंबताना दिसतात. त्यांपैकी गुलाबी ठिपक्यांच्या दाट घोसाची आमरी सीतेची वेणी या नावाने ओळखली जाते. आसामात तिला कोपौ म्हणतात आणि बिहू सणात स्त्रिया ती केसांत माळतात. आपल्याकडे मात्र आंब्यावरील बांडगूळ काढताना आमरीही ओरबाडून फेकली जाते. हा गैरसमज दूर होणे अगत्याचे आहे.

बांडगूळ आपली शोषक मुळे आंब्याच्या लाकडात घुसवून पाणी व क्षार ओढून घेते आणि फांदी खंगत जाते. त्याची चिकट बी पक्षी दुसऱ्या फांदीवर नेतात. ते जरूर काढावे, आणि चिकटलेल्या जागेच्या खालून फांदीसह काढावे, अन्यथा पुन्हा फुटते. आमरीची मुळे जाड, पांढरट असून सालीला केवळ बाहेरून धरून असतात, काही हवेत लोंबतात. पावसाचे पाणी आणि सालीवर साठलेला कचरा यांवर ती जगते. झाडाचे काही घेत नाही. फांदीला नख लावून मूळ उचलून पाहिले की हा फरक एका क्षणात पटतो. आमरीचे बी धुळीसारखे सूक्ष्म असते व विशिष्ट बुरशीची साथ मिळाल्यावाचून रुजत नाही, म्हणून रानातून ती काढली की सहजी परत येत नाही. फुलांच्या दिवसांत शहरातून येऊन आमरी विकत मागणाऱ्यांना ती देऊ नये. वळवाने फांदी मोडून खाली पडली असेल तर त्या फांदीवरची आमरी उचलून जवळच्या झाडाच्या खरबरीत सालीवर, अर्धवट सावलीत, सुतळीने बांधावी. एक-दोन पावसाळ्यांत ती नवे मूळ धरते.

मधमाश्यांचा हंगाम

सह्याद्रीच्या माथ्यावर आषाढ-श्रावणात संततधार लागते. मधमाश्यांना बाहेर पडता येत नाही आणि फुलेही थोडी असतात. सातेरी मधमाश्यांची वसाहत हे दिवस ज्या मधावर काढते तो मध बहुतांशी उन्हाळ्यात साठविलेला असतो. जांभूळ, हिरडा, गेळा, अंजनी यांचा फुलोरा म्हणजे त्यांचे पावसाळी धान्यच होय. महाबळेश्वर भागात जांभूळ, हिरडा व गेळा यांचे मध वेगवेगळे ओळखले जातात. त्याच परिसरातील मांघर हे गाव १६ मे २०२२ रोजी देशातील पहिले मधाचे गाव म्हणून जाहीर झाले, तेही अर्थातच राखलेल्या रानाच्या बळावर.

ज्यांच्याकडे पेट्या आहेत त्यांनी वैशाखअखेरचा मध काढताना पिलावाच्या खणातील मधास हात लावू नये, म्हणजे वसाहत पावसाळा तरून जाईल. ज्यांच्याकडे पेट्या नाहीत त्यांचाही यात स्वार्थ आहे. काकडी, दोडका, कारली, भोपळा या वेलींची फळधारणा माश्यांवर अवलंबून असते. उन्हाळ्यात उपाशी राहिलेल्या व वणव्यात होरपळलेल्या वसाहती पावसाळ्यानंतर शेतावर येत नाहीत. मग फुले भरपूर आणि फळे वाकडी किंवा थोडी, अशी स्थिती होते, व शेतकरी खताला दोष देतो. बांधावर बहावा किंवा जांभूळ फुललेले असताना शेजारच्या पिकावर कीटकनाशक फवारावेच लागले तर ते सायंकाळी, माश्या परतल्यावर फवारावे.

वणवा व राब

डोंगर जाळला की गवत चांगले येते, ही समजूत फार जुनी आहे. जळलेल्या जागी कोवळे कोंब लवकर दिसतात हे खरे. परंतु जे दिसते ते वाढलेले गवत नसून वाळलेल्या गवताचा आडोसा नाहीसा झाल्याने नजरेस आलेले गवत असते. दरवर्षी जाळलेल्या कुरणातून पवन्या व मारवेल यांसारखी चांगली गवते मागे पडतात आणि कुसळी माजते. तिची कुसळे मेंढ्यांच्या लोकरीत व गुरांच्या तोंडात रुततात. गवतातील नत्र धुरावाटे निघून जाते, उरलेली राख पहिल्या सरीबरोबर ओढ्यास मिळते, आणि उघड्या पडलेल्या उतारावरील माती त्यामागून जाते. बहावा, कुडा यांची मोठी झाडे आगीतून बहुधा वाचतात व पुन्हा फुटतात. मरतात ती त्यांच्या खालची एक-दोन वर्षांची रोपे. म्हणूनच जाळल्या जाणाऱ्या डोंगरावर जुनी झाडे दिसतात पण तरुण झाडे दिसत नाहीत. जुनी झाडे पडतील तेव्हा डोंगर एकाएकी उघडा पडेल. १९२७ च्या भारतीय वन कायद्यान्वये राखीव वनात आग लावणे हा गुन्हा आहे. तथापि खटल्याच्या भीतीपेक्षा कुसळीचा अनुभव शेतकऱ्यांस लवकर पटतो, असे दिसते.

वणव्याचा काळ साधारणतः फेब्रुवारीच्या मध्यापासून धरतात. त्यापूर्वीच रस्त्याच्या कडेला व राईभोवती किमान तीन मीटर रुंदीचा पट्टा गवत कापून साफ करावा. कापलेले गवत चारा म्हणून घरी न्यावे. बांधावरचा पालापाचोळा पेटविण्याऐवजी खड्ड्यात टाकून शेणकाल्याबरोबर कुजवावा.

कोकण व मावळ भागांतील राबाचा प्रश्न याहून नाजूक आहे. भाताच्या रोपांसाठी ऐन, किंजळ वगैरे झाडांच्या फांद्या उन्हाळ्यात तोडून वाळवून जमिनीवर भाजल्या जातात. त्यामुळे तण मरते व रोपे जोमदार येतात, हे शेतकरी डोळ्यांनी पाहतो. त्याला केवळ झाडे तोडू नका असे सांगणे व्यर्थ होय. त्याला दुसरी वाट दाखविली पाहिजे. गादीवाफ्यावर रोपे करणे, वाफ्यात कुजलेले शेणखत आणि भाताच्या तुसाची काळी राख मिसळणे, आणि तण कोवळे असतानाच काढणे, या चारसूत्री पद्धतीशी जुळणाऱ्या रीतीने राब न भाजताही रोपे उत्तम येतात. ग्रामस्तरीय कार्यकर्त्याने पहिल्या वर्षी सबंध रोपवाटिका बदलण्याचा आग्रह धरू नये. एकाच शेतकऱ्याच्या जमिनीत अर्धी रोपे राबावर व अर्धी गादीवाफ्यावर करवून लावणीच्या दिवशी गावकऱ्यांना शेजारीशेजारी दाखवावीत. बांधावर गिरिपुष्प लावल्यास हिरवळीच्या खतासाठी पाला मिळतो आणि रानातील झाडांवरचा कोयता थोडा तरी दूर राहतो.

गावातील खडकाळ कोपरा

प्रत्येक गावात शाळेमागे, विहिरीजवळ किंवा गावठाणाच्या कडेस असा एक कोपरा असतो, जेथे पहार लागत नाही म्हणून कोणी काही करीत नाही. तेथे कचरा पडतो. हाच कोपरा वैशाखातील फुलांना योग्य होय. खडक फोडून सपाटी करण्याचा खटाटोप करू नये. असलेले दगड जागीच ठेवावेत. नवे दगड मांडावयाचे असल्यास ते तिसरा हिस्सा तरी जमिनीत गाडावेत, व त्यांचा वरचा पृष्ठभाग उताराच्या आतील बाजूस किंचित कललेला ठेवावा, म्हणजे पावसाचे पाणी दगडावरून बाहेर न सांडता मागील मातीत मुरते. दगडांमधील फटींत मुरूम, गाळमाती व कुजलेला पाचोळा सारख्या प्रमाणात दाबून भरावा. नुसती काळी माती भरल्यास ती पावसात चिकट होते व उन्हात भेगाळते.

झुडपांसाठी ४५ सेंटिमीटर आणि झाडांसाठी ६० सेंटिमीटर लांबी-रुंदी-खोलीचे खड्डे वैशाखातच घेऊन उन्हात तापू द्यावेत व पहिला चांगला पाऊस झाल्यावर रोपे लावावीत. उताराच्या माथ्यावर बहावा व गेळा, मध्ये कुडा, कडेने कुंपणादाखल करवंद, आणि एखादे जुने झाड असेल तर त्याच्या सावलीत भुईचाफा व कुंपणावर कुसर, अशी मांडणी सोयीची पडते. पहिल्या दोन उन्हाळ्यांत रोपांना पाणी द्यावेच लागते. बुडाला बारीक छिद्र पाडून त्यात कापडाची वात बसविलेले मडके आळ्यात पुरून आठवड्यातून दोनदा भरल्यास थोडक्या पाण्यात काम भागते. ही जबाबदारी शाळेच्या मुलांवर सोपविताना उन्हाळ्याची सुट्टी ऐन टंचाईच्या दिवसांत पडते, हे विसरले जाते आणि पुष्कळ रोपे याच एका कारणाने मरतात. सुट्टीपुरती पाळी कोणाची, हे रोपे लावण्यापूर्वीच ठरवून ग्रामपंचायतीच्या दप्तरी लिहून ठेवावे.

रानकांदा हा खडकावर पाने नसताना फुलणारा कंद या कोपऱ्यात आपोआप आला असल्यास राहू द्यावा, परंतु तो विषारी असल्याने मुलांना त्याची ओळख करून द्यावी. रानातून मोठी झाडे किंवा गड्डे उपटून आणून कोपरा एका वर्षात भरून टाकण्याचा मोह टाळावा; एक जागा सजविण्यासाठी दुसरी उजाड करण्यात काही साधत नाही. बियांपासून केलेला बहावा फुलण्यास काही वर्षे लागतात. तोपर्यंत करवंदाची जाळी व भुईचाफा यांवर समाधान मानावे.

या वर्षी आरंभ करावयाचा असेल तर जांभळापासून करावा, कारण त्याला घासणे नको, साठवण नको. पिकलेल्या जांभळांच्या बिया गर धुऊन काढून सावलीत पाणी निथळू द्याव्यात आणि त्याच आठवड्यात पिशव्यांत दोन सेंटिमीटर खोल लावाव्यात. एका बीतून कधी कधी दोन-तीन कोंब येतात; त्यांतील जोमदार एक ठेवून बाकीचे काढावेत. बी पंधरा दिवसांहून अधिक पडून राहिल्यास त्याची उगवण झपाट्याने घटते, म्हणून पिशव्या माती भरून जांभळे पिकण्याच्या आधीच तयार ठेवाव्यात.